खाद्यसंस्कृती शिकवायची तर चूल सगळ्यात शेवटी पेटवा

महाविद्यालयात खाद्यइतिहासाचा किंवा खाद्यसंस्कृतीचा पेपर सुरू झाला की पुढचं चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं. दोन-तीन आठवड्यांत खाद्यमहोत्सव भरतो. भरीत-पुरी, शेवभाजी, मांडे यांचे स्टॉल लागतात, फोटो छापून येतात. सत्र संपताना विद्यार्थ्यांच्या वहीत पंधरा-वीस पाककृती असतात आणि ‘ही आपली प्राचीन परंपरा आहे’ असं एक वाक्य असतं. कोणता पदार्थ कधी बदलला, का बदलला, कोणाच्या कष्टावर उभा राहिला, कोणाच्या ताटात पोचलाच नाही, यातलं काहीच हाती लागत नाही. शिक्षकांची मेहनत कमी पडते असं नाही. क्रम उलटा होतो: स्वयंपाक आधी आणि प्रश्न नंतर.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत असा पेपर शिकवणाऱ्यांसाठी आहे. विषय इतिहासाचा असो, समाजशास्त्राचा, मराठीचा किंवा गृहविज्ञानाचा, क्रम तोच राहतो. मी 2 श्रेयांकांचा, म्हणजे 30 तासांचा पेपर धरला आहे. तासांची वाटणी ढोबळमानाने अशी ठेवा: प्रश्न ठरवायला 4, कागदपत्रं आणि वाचनाला 6, क्षेत्रकामाला 8, पडताळणीला 6, स्वयंपाकाला 3 आणि सादरीकरणाला 3. पेपर 4 श्रेयांकांचा असेल तर वाढीव तासांतले बहुतेक क्षेत्रकाम आणि पडताळणीला द्या. व्याख्यानं वाढवू नका.

## 1. सत्र सुरू होण्याआधी: पंचांग आणि पीकपाणी समोर ठेवा

सर्वात जास्त गाडी इथेच अडते. अभ्यासक्रमाची पानं तयार असतात, पण ज्या महिन्यात जो पदार्थ शिकवायचा त्या महिन्यात तो कोणाच्याच घरात नसतो. खानदेशात खाणं ऋतूला बांधलेलं आहे, त्यामुळे घटकांची मांडणी ऋतूप्रमाणे करावी लागते.

जुलै ते नोव्हेंबरच्या सत्रात श्रावणातली कानबाई देवी आणि तिच्या नैवेद्याचे रोट, पोळा, पितृपक्ष, भुलाबाईची खिरापत आणि दिवाळी मिळते. या काळात भरीत हा घटक घेऊ नका. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं न खाणारी घरं आजही पुष्कळ आहेत. अशा घरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं पुन्हा ताटात येतं. भरीताचा खरा हंगाम त्यानंतरच्या थंडीचा. वांगी बाजारात भरपूर, तुराट्या आणि कपाशीच्या काड्या सरपणाला तयार, आणि शेतात जमून भरीत करण्याची रीत जिवंत. तो घटक डिसेंबर-जानेवारीत ठेवा.

डिसेंबर ते एप्रिलच्या सत्रात हुरडा, भरीत, नंदुरबारची मिरची, होळीच्या आधीचे सातपुड्यातले भोंगऱ्या बाजार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होणारी वाळवणं येतात. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, बहुधा परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या काळात पडते. पुरणाचे मांडे, आमरस, सांजोऱ्या, घागर भरणं हे सगळं त्याच दिवशी दिसतं. म्हणून आखाजीचं काम मुलांनी स्वतःच्या घरी करायचं आणि ते आदल्या सत्राच्या शेवटी नेमून द्यायचं.

पेपर नव्याने मांडायचा असेल तर तो अभ्यास मंडळाकडून आणि विद्या परिषदेकडून संमत व्हायला वेळ लागतो. तेव्हा मसुद्यात एकेका पदार्थाचं नाव टाकू नका. ‘हंगामी अन्न’, ‘सणाचं अन्न’, ‘टंचाईतलं अन्न’, ‘बाजारातलं अन्न’ असे घटक ठेवा. म्हणजे पाऊस लांबला किंवा सत्र पुढे गेलं तरी पेपर बदलावा लागत नाही.

तपासा: प्रत्येक घटकासमोर महिना लिहिला आहे का? त्या महिन्यात तो पदार्थ आपल्या तालुक्यातल्या किमान एका वस्तीत खरोखर शिजतो का, हे कोणाला तरी विचारून खात्री केली आहे का?

## 2. पहिले दोन आठवडे: पदार्थ देऊ नका, प्रश्न द्या

‘तू कळण्याची भाकरी घे, तू शेवभाजी घे’ अशी वाटणी केली की मुलं पाककृतीच आणतात. त्याऐवजी चार-पाच जणांच्या गटाला एकच प्रश्न द्या. प्रश्नात एक बदल, एक जागा आणि एक काळ असायला हवा.

‘भरीताचा इतिहास’ हा प्रश्न नाही. ‘आपल्या गावात भरीताची वांगी कशावर भाजत होते, गॅस आल्यावर त्यात काय बदललं आणि शेतातलं भरीत का टिकलं’ हा प्रश्न आहे. ‘आदिवासी आहार’ हा प्रश्न नाही. ‘धडगाव भागात आमचूर तयार करून विकणारी घरं आमचूर स्वतः किती खातात आणि विकलेल्या पैशातून कोणतं धान्य आणतात’ हा प्रश्न आहे.

गट पाडताना घरची बोली आणि गाव पाहा. अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिली, पावरी, तडवी भिल्लांच्या घरातली बोली, यांपैकी जी बोली गटात आहे त्या बोलीच्या वस्तीतच तो गट पाठवा. मुलाखत घेणाऱ्याला घरची भाषा येत असली की समोरची बाई शहरी मराठीत उत्तर देण्याच्या ताणातून सुटते आणि मोकळं बोलते.

इशारा: ‘खानदेशी जेवण’ म्हणून एकाच समाजाचं ताट वर्गात उभं राहू देऊ नका. लेवा पाटलांचं भरीत, मुस्लिम घरातलं सालन, पावऱ्यांच्या घरातली भगर-बंटीसारखी बारीक धान्यं, रेशनच्या गव्हावर चालणारं मजुराचं घर, बांधावरच्या रानभाज्या हे सगळं खानदेशच आहे. वर्गात ज्यांची संख्या मोठी त्यांचंच अन्न ‘आपलं’ ठरतं आणि बाकीची मुलं गप्प बसतात. पहिल्याच आठवड्यात शिक्षकाने हे उघडपणे बोलायला हवं.

## 3. कागदपत्रं: शोधायचं कुठे आणि विश्वास किती ठेवायचा

मुलांना सरळ घरोघर पाठवलं तर ऐकीव गोष्टी घेऊन येतात. आधी थोडं वाचलेलं असेल तर काय विचारायचं ते कळतं.

सुरुवात पिकांपासून करा, कारण पिकांबद्दल पक्कं सांगता येतं. उडीद, तूर आणि वांगं ही भारतातली पिकं. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतून आली, तीही हजारो वर्षांपूर्वी. मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग आणि मका मूळचे अमेरिका खंडातले. ही पिकं भारतात येऊ लागली ती 1498 मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोचले त्यानंतर. एवढी यादी फळ्यावर लिहा आणि मुलांना शेवभाजी सुटी करायला सांगा: बेसन, तेल, मिरची, टोमॅटो असेल तर टोमॅटो, सुकं खोबरं, काळ्या मसाल्यातले जिन्नस. मिरची जर सोळाव्या शतकाच्या आधी इथे नव्हती, तर आजची झणझणीत शेवभाजी त्याआधीची असू शकत नाही. ही झाली खालची मर्यादा. पदार्थ नेमका कधी सुरू झाला हे यावरून कळत नाही आणि तसा दावाही करू द्यायचा नाही. ते ढाब्यावरच्या जुन्या आचाऱ्यांना, शेव गाळणाऱ्या दुकानदारांना विचारून शोधायचं. हा एक तास नीट झाला की ‘प्राचीन काळापासून’ हे शब्द वह्यांतून आपोआप कमी होतात.

त्यानंतर छापील साधनं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड 1880 चा आहे. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुने गॅझेटियर संगणकावर वाचता येतील असे उपलब्ध केले आहेत. धुळ्यात 1927 साली स्थापन झालेलं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्हीकडे जुन्या हस्तलिखितांचे संग्रह आहेत. विद्यार्थ्यांना नेण्याआधी शिक्षकाने एकदा स्वतः जाऊन काय पाहायला मिळेल ते विचारून यावं. पंचवीस मुलं अचानक नेऊन उभी केली तर कोणाचंच काम होत नाही.

शोधताना हमखास होणारी चूक नावांची. 1906 पर्यंत जिल्हा एकच होता: खानदेश. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. नंदुरबार जिल्हा 1998 च्या जुलैत धुळ्यातून वेगळा झाला. 1930 सालची ‘जळगाव जिल्ह्याची’ आकडेवारी शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हातानेच परत येणार. त्याला ‘पूर्व खानदेश’ शोधायला सांगा. नंदुरबारसाठी 1998 पूर्वीचे आकडे धुळे जिल्ह्यात पाहायचे आणि तालुक्यांची नावं जुळवून घ्यायची.

आता विश्वासाबद्दल. गॅझेटियर सरकारी अंमलदारांनी राज्यकारभारासाठी लिहिलं. पिकं, बाजार, भाव, जातीनिहाय वर्णनं त्यात मिळतात. घरातल्या चुलीपर्यंत ते क्वचितच पोचतं आणि जातींबद्दलचे शेरे तर उचलून वहीत लिहिण्याजोगे नाहीतच. दरबारी ग्रंथांचंही तसंच आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मंडक येतो, तो मांड्यांचा पूर्वज असावा असं मानतात. पण एवढ्यावरून खापरावरचे आजचे मांडे जसेच्या तसे तेव्हापासून चालत आले असं सिद्ध होत नाही. राजाच्या पंगतीत पदार्थ होता एवढंच कळतं. शेतमजुराच्या घरी काय होतं ते त्या ग्रंथात शोधू नये.

तपासा: प्रत्येक गटाकडे एक पान तयार हवं. त्यावर आपल्या प्रश्नातल्या पदार्थाचे जिन्नस, प्रत्येक जिन्नस कुठला, आणि कागदावर सापडलेली किमान एक नोंद वर्षासकट असावी. हे पान झाल्याशिवाय गटाला गावात सोडू नका.

## 4. मुलाखत: इथे घाई केली की सगळं वाया जातं

आधी परवानगी. काय विचारणार, कशासाठी, आवाज नोंदवणार का, फोटो घेणार का, नाव लिहिणार का, हे सगळं त्यांच्या बोलीत सांगा आणि त्यांचा होकार त्यांच्याच आवाजात नोंदवा. नाव नको असेल तर ‘साठीतली बाई, यावल तालुका’ एवढं पुरे.

पहिलाच प्रश्न ‘रेसिपी सांगा’ असा नको. तो विचारला की समोरची बाई दूरदर्शनवर बोलल्यासारखी बोलू लागते. काल दुपारपासून सुरुवात करा. काल काय शिजलं? धान्य घरचं की विकतचं की रेशनचं? दळलं कुठे? आधी कोण जेवलं, शेवटी कोण? उरलं ते कोणी खाल्लं? ‘शेवटी कोण’ या प्रश्नाला बहुतेक घरांत थोडी शांतता होते. विद्यार्थ्याने ती शांतता भरून काढायची घाई करू नये.

मग मागे जा. ‘साधारण कोणतं साल?’ असं विचारून उपयोग नाही, साल आठवत नाही. लग्न, पहिलं बाळंतपण, गावात गिरणी आली ते वर्ष, वीज आली, गॅस आला, असे खुंटे लावा. सर्वात पक्का खुंटा 1972 च्या दुष्काळाचा. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि दुष्काळी कामावर खायला मिळणारी सुकडी सांगणारी माणसं अजून आहेत. त्या वेळी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरीच्या आसपास आहे. पेपरात ‘टंचाईतलं अन्न’ हा घटक असेल तर तो यंदाच करा. ही माणसं आपल्यासाठी थांबणार नाहीत.

आता मापाचा प्रश्न. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद किती, असं विचारलं तर ‘अंदाजानं’ असं उत्तर येतं आणि मुलं वहीत ‘चवीप्रमाणे’ लिहून मोकळी होतात. अंदाज मोजता येतो. सोबत दुकानात मिळतो तो छोटा डिजिटल काटा न्या. दळण काढायच्या वेळी जा. ज्वारीचा डबा काट्यावर ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. आजींना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने मापं किंवा मुठी भरून घेऊ द्या. डब्यातून जेवढं गेलं तेवढं काटा उणे दाखवतो, 1,640 ग्रॅम, 1,710 ग्रॅम, जे काही असेल ते. मग उडदाचा डबा ठेवा आणि तेच करा. त्यांच्या हाताची गती मोडत नाही, त्यांना वाटी-चमच्यात बोलावं लागत नाही आणि आपल्याला ग्रॅम मिळतात. पाण्याचा तांब्याही तसाच, आधी आणि नंतर. मीठ घातलं का, मेथ्या घातल्या का, उडीद सालासकट होते का, हे बाजूला लिहा. अशा तीन-चार घरांचे आकडे एका पानावर आले की कळण्याच्या भाकरीचं ‘खरं प्रमाण’ एकच नाही हे मुलांना स्वतःच दिसतं. मग पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो: ज्या घरात उडीद कमी, तिथे तो परवडत नाही म्हणून कमी आहे की आवडत नाही म्हणून?

वेळही तशीच नोंदवा. ‘दहा मिनिटं भाजलं’ एवढं पुरेसं नाही. कशावरून थांबवलं ते लिहा: वांग्याचं साल तडकलं, देठाजवळ बोट रुतलं, मसाल्याला तेल सुटलं. घड्याळ आणि खूण, दोन्ही.

इशारा: काही गोष्टी पाहायला मिळतात पण मागायच्या नसतात. कानबाईचे रोट अनेक कुटुंबांत भाऊबंदांतच वाटून संपवतात, बाहेरच्याला देत नाहीत. विद्यार्थ्याने ‘चव बघू द्या’ म्हणू नये, वर्गात आणायला तर मुळीच सांगू नये. मोहाची फुलं, त्यांचे पदार्थ, वाळवण्याची रीत याबद्दल मोकळेपणी विचारा. दारूचा विषय निघाला तर सांगणाऱ्याचं नाव, पाडा, फोटो काहीही नोंदवायचं नाही. विनापरवाना दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि आपल्या वहीमुळे कोणी अडचणीत येता कामा नये. मांसाहाराबद्दलही तेच: कोण काय खातं हे नावानिशी जाहीर होणार असेल तर ती नोंद वर्गाबाहेर जाऊ देऊ नका.

मुलग्यांबद्दल एक. ‘सर, आम्हाला स्वयंपाकातलं कळत नाही’ असं म्हणून ते कॅमेरा धरून उभे राहतात आणि बोलायचं काम मुलींवर येतं. प्रत्येक मुलग्याने किमान एक मुलाखत स्वतः घेतलीच पाहिजे, असा नियम पहिल्या दिवशी करा.

## 5. एक बाजारफेरी

एकच, पण नेमकी. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या, जळगावला डाळमिल, रावेर-सावद्याकडे केळीची भरणी, किंवा आपल्या गावचा आठवडे बाजार. बस करून तिन्ही जिल्हे पालथे घालू नका. जिथे जाल तिथे तीन गोष्टी विचारा: माल कुठून आला, कुठे जाणार, मजुरी कशावर मोजतात. जळगावची केळी 2016 पासून भौगोलिक मानांकनाची आहे, भरीताच्या वांग्यालाही तसं मानांकन आहे. मानांकनाने भावात काही फरक पडला का, हे मिळालेल्या कागदावरून ठरवू नका, शेतकऱ्याला विचारा.

## 6. पडताळणी: पेपरातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

बहुतेक ठिकाणी हा टप्पाच गाळला जातो. मुलाखती झाल्या की थेट सादरीकरण होतं. इथे सहा तास द्याच.

प्रत्येक गटाने मोठ्या कागदावर तीन रकाने आखायचे: सांगितलेलं, पाहिलेलं, कागदावर सापडलेलं. एखादी आजी म्हणाली, ‘आमच्याकडे भाजीला पहिल्यापासून शेंगदाण्याचंच तेल.’ हे पहिल्या रकान्यात. तिच्या फडताळात सोयाबीन तेलाची पिशवी दिसली. हे दुसऱ्यात. भुईमूग अमेरिकेतून आलेलं पीक, आणि जुन्या गॅझेटियरमधल्या गळिताच्या धान्यांत काय काय आहे ते तिसऱ्यात. तीन रकाने जुळत नाहीत म्हणून आजी खोटं बोलली असं होत नाही. तिचं ‘पहिल्यापासून’ म्हणजे तिच्या लग्नापासून असेल. ते किती मागे जातं हे शोधणं हेच इतिहासाचं काम, आणि मुलांना त्याची गोडी लागते ती याच तासांना.

‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘पूर्वापार’ हे शब्द वहीत आले तर त्यांच्यापुढे कंसात कोणाच्या मते आणि कधीपासून ते लिहायला लावा. लिहिता येत नसेल तर शब्द खोडायचा.

तपासा: प्रत्येक निष्कर्षामागे किमान दोन रकाने आहेत का? एकाच रकान्यावर उभा असेल तर ‘अमुक जण असं सांगतात’ एवढंच लिहायचं.

## 7. आता चूल

तीन तास, दोन पदार्थ, तेही गटांच्या प्रश्नाशी जोडलेले. भरीत घ्यायचं तर एकाच वजनाची वांगी तीन प्रकारे भाजा: तुराट्यांवर, कोळशावर आणि गॅसवर. तेल, लसूण, हिरवी मिरची, दाणे मोजून तिन्हींत सारखे. चाखणाऱ्याला कोणतं कुठलं ते सांगू नका, नोंद झाल्यावर सांगा. मांडे मात्र वर्गात मुलांकडून करवून घेण्याचा हट्ट नको. हातांवर पोळी मोठी करत खापरावर टाकायची सवय वर्षांची असते. मांडे करता येणाऱ्या कारागीर बाईंना बोलवा, त्यांना व्याख्यात्याइतकंच मानधन द्या आणि मुलांना बघून लिहू द्या. ‘काकू, सहज या’ म्हणून फुकट बोलावू नका.

आदल्या आठवड्यात प्रत्येकाला चिठ्ठीवर, नाव न घेता, विचारा: कोणता उपवास, काय वर्ज्य, कशाची ॲलर्जी. दाण्याची ॲलर्जी असलेला एक जरी निघाला तरी दाणे त्या दिवशी वर्गात नकोत. शाकाहारी आणि मांसाहारी भांडी वेगळी ठेवा. विस्तवाजवळ पाण्याची बादली, वाळू आणि सुती कपडे. शिजलेलं अन्न दोन तासांत संपवा, संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवू नका. विक्री तर नाहीच, कारण विक्री सुरू झाली की अन्नसुरक्षा नोंदणीचा वेगळा विषय उभा राहतो आणि मुलांचं लक्ष गल्ल्याकडे जातं.

## 8. गुण कशाला द्यायचे

चवीला शून्य गुण, सजावटीला शून्य. प्रश्न किती नेमका होता, मुलाखत बोलीत जशीच्या तशी उतरवली का, आकडे मोजले का, तीन रकाने भरले का आणि न जुळणाऱ्या गोष्टी लपवल्या नाहीत ना, एवढ्यावर गुण द्या. विद्यापीठाच्या नियमात अंतर्गत गुण जेवढे असतील त्यातले निम्मे तरी पडताळणीच्या कागदाला ठेवा. लेखी परीक्षेत ‘खानदेशी खाद्यपदार्थांची माहिती लिहा’ असा प्रश्न काढू नका. त्याऐवजी एक अनोळखी पाककृती द्या आणि तिच्यातले जिन्नस, इंधन, मजुरी आणि काळ यांवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही, ते लिहायला सांगा.

निकालाआधी दोन कामं उरतात. सगळ्या ध्वनिफिती गाव, तारीख आणि बोली लिहून ग्रंथालयात जमा करा. मोबाईलवर ठेवलेल्या फिती पुढच्या वर्षी सापडत नाहीत. आणि ज्या घरांनी वेळ दिला त्यांना त्यांच्याच बोलीतली छापील नोंद नेऊन द्या. वाचता येत नसेल तर गटाने त्यांच्या ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचून दाखवायची, आणि त्या सांगतील त्या दुरुस्त्या त्याच प्रतीवर पेनाने करून ती दुरुस्त प्रतच जमा करायची.